भेटीच्या खोलीतला तिसरा माणूस

एप्रिल संपत आला की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसीतल्या) कुटुंब न्यायालयात सुट्टीच्या अर्जांची गर्दी होते. मे महिन्यात मूल कुणाकडे किती दिवस राहणार, गावाला कोण नेणार, मावशीच्या लग्नाला येणार की नाही. आदेशात याला 'व्हेकेशन ॲक्सेस' म्हणतात, व्हरांड्यात नुसतं 'ॲक्सेस'. याच सुमारास वाहिन्यांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुना वाद नव्याने पेटतो. एका बाजूचं म्हणणं, बायका मुलांना पुढे करून बापांना छळतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पुरुष पोटगी टाळायला आणि सूड उगवायला मुलांचा ताबा मागतात. त्यात मुलावर अत्याचार झाल्याचा आरोप असला की दोन्ही बाजूंना चेव येतो आणि सगळी चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन अडते : आरोप खरा की खोटा? खरा असेल तर त्याला मुलाचं तोंडही पाहू देऊ नका, खोटा असेल तर मूल आजच्या आज त्याच्या हवाली करा. हे ठरायला लागणाऱ्या मधल्या काळाचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. तक्रारीच्या वेळी बालवाडीत असलेलं मूल निकाल लागेपर्यंत चौथी-पाचवीत गेलेलं असू शकतं. न्यायालयाच्या दृष्टीने हा अंतरिम काळ असतो, मुलाच्या दृष्टीने ते अख्खं बालपण असतं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. जिथे अत्याचाराचा आरोप आहे, तिथे भेट हा आईचा किंवा बापाचा हक्क आहे असं धरून चालू नये. ती मुलासाठीची सेवा मानावी आणि तशीच चालवावी. भेट किती वेळाची, किती दिवसांनी आणि मुळात हवी का, हे मुलाच्या प्रकृतीवरून ठरावं. खोलीत शिकवून तयार केलेला तिसरा माणूस असावा, त्याला भेट तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार असावा आणि त्याचा पगार सरकारने द्यावा. हे नसताना 'देखरेखीखाली भेट' असं आदेशात लिहिणं म्हणजे न्यायालयाने स्वतःच्याच मनाची समजूत घालणं आहे.

कायद्यात यातलं किती आहे? तत्त्व भरपूर आहे, व्यवस्था अगदी थोडी. १८९०चा पालक आणि पाल्य कायदा आणि १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्ही मुलाच्या हिताची भाषा बोलतात. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात म्हटलंय, की वेगळ्या राहणाऱ्या आईबापांशी नियमित संपर्क ठेवण्याचा मुलाला हक्क आहे, मात्र तो संपर्क मुलाच्या हिताच्या विरुद्ध नसावा. हक्क मुलाचा आहे, हे आपल्या चर्चांतून साफ निसटतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं २१वं कलम आणखी पुढे जातं : भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकाऱ्याने ती नाकारलीच पाहिजे. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशक दिले, वैद्यकीय आणि समाजकार्याच्या तज्ज्ञांची मदत घ्यायची मुभा दिली. पण भेटीवर देखरेख करणाऱ्याने काय शिकलेलं असावं, काय लिहावं, भेट केव्हा मोडावी, याबद्दल या कायद्यांत एक ओळ सापडणार नाही.

ही पोकळी मग जमेल तशी भरली जाते. शनिवारी दोन तास समुपदेशकाच्या उपस्थितीत. किंवा अमुक मॉलच्या फूड कोर्टात, नातेवाइकाच्या उपस्थितीत. न्यायालयाच्या आवारात मुलांसाठी वेगळी जागा आहे, ती त्यातल्या त्यात बरी. पण नातेवाईक म्हणजे कोण? पुष्कळदा बापाची आई. आपला मुलगा नातीला असं काही करेल हे जिला मुळातच अशक्य वाटतं, ती पाहणार काय आणि सांगणार काय? तिच्याऐवजी मामाला बसवलं तर उलटा प्रकार : बापाने खाऊचा पुडा पुढे केला तरी मामाला त्यात डाव दिसतो. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही, आपण त्यांना झेपणार नाही असं काम देतो आहोत. त्यात ही मुंबई. बाप मुलीशी तुळूत बोलतो, आई मालवणीत, समोर बसलेल्या समुपदेशकबाईंना मराठी-हिंदी-इंग्रजी येतं. 'बोललीस तर आईला पोलीस घेऊन जातील' हे वाक्य लाडाच्या सुरात, केसांवरून हात फिरवत म्हटलं, तर बाईंच्या नोंदवहीत 'वडील प्रेमाने वागले' असंच उतरेल.

खरी देखरेख कशी असते हे काही गूढ नाही. इंग्लंड-अमेरिकेत अशी भेटकेंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत आणि त्यांच्या अनुभवातून साधे नियम तयार झालेत. आई आणि बाप वेगवेगळ्या वेळी येतात, वेगळ्या दारांनी जातात, म्हणजे फाटकापाशीच्या भांडणाला मूल साक्षी राहत नाही. पहिल्या भेटीआधी मुलाला खोली दाखवतात, तिथे कोण बसेल ते सांगतात आणि 'मला जायचंय' हे न बोलता सांगायची एक खूण ठरवतात. देखरेख करणारी व्यक्ती नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात राहते. कुजबुज नाही, खटल्याविषयी प्रश्न नाहीत, फोटो नाहीत, न तपासलेली भेटवस्तू नाही, मुलाने स्वतःहून जवळ घेतल्याशिवाय मिठी नाही. नोंदीत जे दिसलं आणि ऐकलं तेवढंच, मत नाही. शेवटचा नियम सगळ्यात अवघड, कारण न्यायाधीशांना मत हवं असतं आणि वकिलांना ते आपल्या बाजूचं हवं असतं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा. खोट्या तक्रारी होतात. हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या २२व्या कलमात द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा ठेवली आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ही शक्यता दिसत होती. ज्याने काही केलेलं नाही अशा बापाचं दुःख खोटं नसतं. त्याचं मूल त्याच्याशिवाय वाढतं, पहिला दात पडतो, पहिली शाळा होते, आणि पुढे कधीतरी निर्दोष सुटका झाली तरी ती वर्षं कोण परत देणार? या माणसाला 'मुलाच्या भल्यासाठी थांब' असं सांगणं सोपं आहे, त्याच्या जागी उभं राहणं सोपं नाही. पण याच माणसाचा विचार करून पाहा. त्याला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा आहे? भेट पूर्ण बंद झाली तर मूल त्याच्यापासून तुटेल. मोकळी भेट मिळाली तर दर सोमवारी नव्या आरोपाची टांगती तलवार. नात्यागोत्याच्या नसलेल्या, शिकलेल्या माणसाने दर आठवड्याला लिहिलेली तटस्थ नोंद हाच त्याचा सगळ्यात भक्कम बचाव. नाव बदनाम झालं म्हणून जो देखरेखीला विरोध करतो, तो स्वतःचाच साक्षीदार हाकलतो आहे. मानहानी होते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे केंद्र असं चालवावं की तिथे येणं हाच शिक्का ठरू नये. त्यासाठी देखरेख सैल करायचं कारण नाही.

'गैरवापर होईल' हा युक्तिवाद आपल्याकडे नवा नाही. १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा आला, दहाऐवजी बारा वर्षांची मर्यादा घालणारा. एवढ्याशा बदलावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. खोट्या फिर्यादी होतील, पोलीस माजघरात शिरतील, घराची अब्रू वेशीवर टांगली जाईल, असं विरोधक म्हणत होते. परक्या सरकारच्या पोलिसांची भीती अगदीच काल्पनिक नव्हती, तेही मान्य. पण त्या सगळ्या गदारोळात ज्या मुलींविषयी बोलणं चाललं होतं, त्यांचं शरीर हा विषय मागे पडला आणि धर्मात ढवळाढवळ कुणी करावी हा पुढे आला. आजच्या चर्चेतही मुलाचं शरीर मागे पडून 'पुरुषांचे हक्क विरुद्ध स्त्रियांचे हक्क' पुढे येतात, तेव्हा मला ती जुनी वर्तमानपत्रं आठवतात.

त्याच्याही आधीचं उदाहरण तर मुंबईचंच. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, पुढे त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं नाकारलं. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपील झालं आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. नवरा-बायकोचं नातं आणि बाप-लेकीचं नातं एक नव्हे, हे मला कळतं. तरीही न्यायालय एखाद्याला एखाद्या खोलीत हजर करू शकतं, त्या खोलीतली जवळीक मात्र हुकमाने निर्माण करू शकत नाही, हे त्या खटल्यात उघडं पडलं. रखमाबाई तेव्हा बाविशीच्या आसपासच्या होत्या आणि त्यांना वृत्तपत्रात पत्रं लिहिता येत होती. आज भेटीला नेल्या जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला फार तर पोटात दुखतंय असं म्हणता येतं.

ती पोटदुखी ऐकायची कशी? इथे 'मूल पढवलेलं आहे' हा आवडता शब्दप्रयोग येतो. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८०च्या दशकात या संशयाला शास्त्रीय वाटणारं नाव दिलं : 'पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम', म्हणजे एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मन कलुषित केल्याने मुलाला होणारा विकार. काही पालक असं वागतात, यात शंका नाही. व्हरांड्यात अर्धा तास बसलं तरी दोन-चार दिसतील. अडचण त्या सिद्धांताच्या तर्कात आहे. मूल भेटायला तयार नसेल तर ते पढवलेलं, आणि तयार असेल तर तक्रार खोटी! मग कुठल्या मुलाचं म्हणणं ऐकलं जाईल? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या सूचीतून 'पेरेंटल एलिएनेशन' हा शब्द काढून टाकला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४मध्ये बजावलं, की एका पालकावर मन कलुषित केल्याचा शिक्का घाईने मारू नका, नेमकं कोणतं वर्तन झालं ते तपासा. त्या प्रकरणात मन कलुषित केल्याचा आरोप बापावर होता आणि न्यायालयाने मुलांचा सातत्याने व्यक्त झालेला कल पाहून ताबा बापाकडेच ठेवला. हे मुद्दाम सांगते, कारण हा नियम बायकांच्या सोयीचा आहे असा समज पसरवला जातो.

दुसऱ्या बाजूलाही हेच सांगायला हवं. रोलँड समिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३मध्ये मांडलं, की अत्याचार सोसलेली मुलं गुप्तता पाळतात, जुळवून घेतात, उशिरा बोलतात आणि बोललेलं मागेही घेतात. हे वर्णन फार मोलाचं आहे, पण तक्रार मागे घेतली म्हणून अत्याचार झालाच असेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. भेटीत मूल हसलं, बापाच्या मांडीवर चढलं, यावरून तो निर्दोष ठरत नाही; रडलं, लपलं, यावरून दोषीही ठरत नाही. ज्याने दुखावलं त्याच्यावर मूल प्रेम करू शकतं. मोठ्यांना हे पचत नाही, म्हणून दोन्ही पक्ष भेटीची खोली पुराव्याची प्रयोगशाळा करतात. ते थांबलं पाहिजे. पुरावा गोळा करायला पॉक्सो न्यायालय आहे.

आणि त्या न्यायालयाचा या न्यायालयाशी संबंध काय? जवळपास नाही. पॉक्सोच्या ३६व्या कलमानुसार साक्ष देताना मुलाला आरोपी दिसता कामा नये : पडदा लावा, एकतर्फी काच लावा, व्हिडिओवरून साक्ष घ्या. ३५व्या कलमानुसार दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हायला हवा. तारखा लांबतात हे मुंबईत सांगायला नको. दरम्यान कुटुंब न्यायालयातल्या अर्जावर वेगळा आदेश होतो. म्हणजे पॉक्सो न्यायालयात ज्या माणसापासून मुलीला पडद्याआड ठेवायचं, त्याच माणसासमोर शनिवारी तिला खेळण्यांच्या खोलीत बसवायचं, असा प्रसंग ओढवू शकतो. दोन्ही आदेश आपापल्या कायद्यात बसतात! एका मुलाची सगळी प्रकरणं एका न्यायाधीशासमोर आणता येत नसतील, तर निदान एकाचा आदेश दुसऱ्याच्या फायलीत पोचणं सक्तीचं करायला कुणाची हरकत आहे?

संयुक्त ताब्याची मागणी करणाऱ्यांकडे वळू. विधी आयोगाने २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा असं सुचवलं आणि सर्वसाधारण घटस्फोटांसाठी मला तो पटतो. बाप म्हणजे रविवारचा पाहुणा, ही रीत मोडायलाच हवी. पण काहींना त्यापुढे जाऊन 'दोघांचा समान वाटा' हे गृहीतकच हवं आहे. ऑस्ट्रेलियाने २००६मध्ये समान पालक-जबाबदारीचं गृहीतक कायद्यात घातलं होतं. अत्याचाराचा अपवाद त्यात होता. तरी लोकांनी त्याचा अर्थ समान वेळ असाच घेतला, अत्याचार सोसलेल्यांनी त्या दडपणाखाली तडजोडी केल्या आणि शेवटी २०२३मध्ये दुरुस्ती करून ते गृहीतक काढावं लागलं. दुसऱ्याने सतरा वर्षं वापरून टाकून दिलेली गोष्ट आपण नवी म्हणून का घ्यावी?

आता माझ्याच बाजूच्या माणसांशी भांडण. लहानपणी अत्याचार सोसलेली कित्येक मोठी माणसं म्हणतात, की देखरेख वगैरे सोडा, अशा माणसाला भेट देऊच नका. या म्हणण्यात अनुभवाचं वजन आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं, त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे आणि विश्वासातले होते. लैंगिक अत्याचार सिद्ध झाला असेल किंवा प्राथमिक पुरावा भक्कम असेल, तर मीही भेटीच्या विरोधात आहे. मूल मोठं झाल्यावर, उपचारांच्या ओघात, त्याने स्वतःहून मागितली तर बघू. पण आपल्याकडे 'अत्याचार' म्हणून येणारं सगळं त्याच जातीचं नसतं. दारू पिऊन पट्ट्याने मारणारा बाप, उदासीच्या आजारात लेकराला दोन-दोन दिवस उपाशी ठेवणारी आई, 'छडी लागे छमछम'वर वाढलेला आणि तेच वळण मानणारा काका. यातली काही माणसं बदलतात. मारणाऱ्या पालकांना मुलाबरोबर प्रत्यक्ष खेळायला बसवून, बाजूला शिकवणारं माणूस ठेवून, वागणूक बदलायच्या पद्धती जगात वापरात आहेत. अशा घरांत देखरेखीखालची भेट हीच शिकवणीची जागा होऊ शकते. आणि कायमची ताटातूट झालेलं मूल त्या पालकाला विसरत नाही, मनात त्याचा एकतर राक्षस करतं किंवा देव.

मुलाचं बरं होणं भेटीच्या वेळापत्रकात कुठे बसवायचं, हा या सगळ्या वादातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पहिली गोष्ट, उपचार करणारी व्यक्ती आणि देखरेख करणारी व्यक्ती वेगळ्या हव्यात. जिच्याशी मूल मन मोकळं करतं, तीच पुढच्या आठवड्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तर मुलाला खासगी म्हणावी अशी एकही जागा उरत नाही. उपचाराच्या नोंदी मागवण्यावर कुटुंब न्यायालयांनी स्वतःहून कडक बंधन घालायला हवं. भेट वाढवावी की कमी करावी, एवढाच सल्ला उपचारकाकडून घ्यावा. दुसरी गोष्ट, मुलाला सांभाळणाऱ्या पालकाला आधार. मूल सावरतं की नाही हे ठरवणाऱ्या कारणांत सांभाळणाऱ्या पालकाने विश्वास ठेवणं हे फार वरचं कारण आहे. हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५मध्ये जन्मलेल्या जवळपास सातशे मुलांचा माग मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी मोठेपणापर्यंत काढला. हलाखीत आणि मोडक्या घरांत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. आपल्याकडे ते माणूस भेटीचे दोन तास कुठे असतं? बाहेर, रिक्षांच्या रांगेजवळ, फोनकडे बघत, घशाला कोरड पडलेली. अनेकदा त्या आईला स्वतःच्या लहानपणाची जुनी जखम असते आणि मुलीच्या तक्रारीने ती उघडी पडलेली असते. त्या दोन तासांत तिच्याशी कुणी बोलावं, तिच्यासारख्या दोघी-चौघींना एकत्र बसवावं, एवढंही आपल्या व्यवस्थेला सुचत नाही. अत्याचार सोसलेल्यांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे, तिच्यात आर्थिक मदतीबरोबर समुपदेशनाचाही विचार आहे. पण धनादेश निघाला की आपलं पुनर्वसन संपतं.

आणखी एक मुंबई आहे, जी या चर्चेत येतच नाही, कारण तिच्याकडे घटस्फोटाचा वकील नाही. घरात मारहाण किंवा अत्याचार झाला म्हणून बालकल्याण समितीने मूल डोंगरीच्या किंवा मानखुर्दच्या बालगृहात ठेवलं, की तिथेही आईबाप भेटीला येतात. १९२४चा मुंबई बालक कायदा आणि १९२७ची चिल्ड्रन्स एड सोसायटी, इतका या शहराचा इतिहास मागे जातो. देखरेखीखालची भेट इथे शंभर वर्षं चालू आहे, फक्त तिला कुणी ते नाव देत नाही. धारावीची बाई एका दिवसाची मजुरी बुडवून येते, डबा आणते, थोडा वेळ मुलाजवळ बसते आणि जाते. त्या वेळात काय झालं, मूल नंतर कसं होतं, बाई घरी परतली तेव्हा मारणारा नवरा अजून घरात होता का, हे सलग कुणी लिहिलं तर मूल घरी परत पाठवायचं की नाही हा निर्णय अंदाजावर राहणार नाही. बीकेसीतलं मूल आणि मानखुर्दमधलं मूल यांना एकाच दर्जाची भेट मिळावी, असं म्हणणारा एकही माणूस मला कुठल्या वाहिनीवर दिसलेला नाही.

खर्च कोण करणार, हा शेवटचा आक्षेप. पैसे नाहीत हे आपण मुलांच्या बाबतीत फार लवकर म्हणतो. या शहरात समाजकार्याचं शिक्षण १९३६पासून आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात नागपाड्यात झाली, निर्मला निकेतन १९५५चं. टाटा संस्थेनेच १९८४मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात समाजसेविका बसणार, ही कल्पना तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटली असेल. आज ते कक्ष राज्यभर आहेत आणि सरकार ते चालवतं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६मध्ये इथूनच निघाली आणि देशभर गेली. तेव्हा वाट माहीत आहे : दोन-तीन भेटकेंद्रं, एक बीकेसीजवळ, एक मध्य रेल्वेच्या बाजूला, शनिवार-रविवारी उघडी, प्रशिक्षित देखरेखकर्ते, गरज पडली तर दुभाषे. ज्याला परवडतं त्याने शुल्क द्यावं, बाकीच्यांचा खर्च विधी सेवा प्राधिकरणाने उचलावा. फी भरणारा पालक आणि देखरेख करणारा यांच्यात थेट पैशाचा व्यवहार मात्र कधीच होऊ नये.

आणि नोंदींविषयी एक मागणी. सध्या त्या न्यायाधीश आणि वकिलांसाठी लिहिल्या जातात, प्रकरण निकाली निघालं की फायली गाठोड्यात जातात. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला आपल्या भेटींची फाईल मागायचा आणि वाचायचा हक्क मिळावा. आपल्याला काय झालं होतं, आपण तेव्हा काय म्हणालो होतो, कुणी ऐकलं आणि कुणी नाही, हे कित्येकांना पुढे हवं असतं आणि घरातल्या कुणाकडूनही खरं कळत नाही. काही जण ती फाईल कधीच मागणार नाहीत, तो त्यांचा प्रश्न. पण हे लिहिलेलं उद्या ही मुलगी स्वतः वाचणार आहे, हे ठाऊक असलेली समुपदेशक 'वडील प्रेमाने वागले' एवढंच लिहून सही करणार नाही. यासाठी नवा कायदाही लागू नये. उच्च न्यायालयाने कुटुंब न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती केली तरी पुरे.